दुसऱ्या हाकेचं घराणं

आमच्या घराण्यात पहिल्या हाकेला कोणीही ओ देत नाही.

याला उद्धटपणा म्हणू नका, ही सावधगिरी आहे. भुताला एकदाच हाक मारता येते, दुसऱ्या हाकेचा दम त्याच्यात नसतो, हे आमच्या सांगवीच्या घरात पोरांना पाढ्यांच्या आधी शिकवतात. कुणी हाक मारली की गप्प बसायचं. दुसरी आली तर मारणारा जिवंत आहे, मग खुशाल ओ द्यावी. माझ्या वडिलांच्या एका चुलत्यांनी म्हणे तरुणपणी तिन्हीसांजेला उसाच्या फडातून आलेल्या पहिल्याच हाकेला ओ दिली होती. पुढं ते चांगले नव्वदीपर्यंत जगले (दोन्ही वेळ दूध-भाकरी खाऊन!), पण "तवापास्नं त्यो आपला ऱ्हायला न्हवता" असं घरातली सगळी माणसं आवाज खाली आणून सांगत. त्यांच्या बायकोला विचारलं तर ती म्हणायची, "त्याआधी तरी कुठं हुता?"

खरं तर हा नियम तिन्हीसांजेपुरताच होता. पण आमच्या लोकांनी उगीच धोका कशाला म्हणून तो दिवसभर लागू केला. शाळेत बाईंनी हजेरीला माझं नाव घेतलं की मी दुसऱ्यांदा घेण्याची वाट बघत बसायची आणि बाई पुढच्या नावाकडं जायच्या. पहिली इयत्ता मी जवळजवळ पूर्ण गैरहजेरीत काढली, तीही रोज पहिल्या बाकावर बसून.

माझे वडील, म्हणजे आबा, यांनी त्यात स्वतःची भर घातली. ते कुठलीही गोष्ट दोनदा सांगत नाहीत. "मी एकदाच बोलतो," असं ते म्हणतात (हे वाक्य मात्र त्यांनी हजारदा म्हटलं असेल). म्हणजे बघा, पहिल्या हाकेला ओ देणार नाही आणि दुसरी हाक मारणार नाही! अशा माणसानं खरं तर डोंगरावर एकटं राहायला हवं. ते आमच्यात राहिले.

याच स्वभावापायी त्यांचं आणि माझ्या आत्याचं बोलणं बंद झालं होतं. आत्या ही आबांची थोरली बहीण, इंदापूरकडच्या डाळिंबवाल्या घरात दिलेली. तिनं आबांना लहानपणी काखेत घेऊन वाढवलेलं. दहा-अकरा वर्षांपूर्वी तिच्या पोराचं लग्न झालं. आबा नवरदेवाचे मामा, नवा फेटा बांधून मांडवात बसलेले. पंगत बसायला लागली तशी आत्यानं लांबून हाक मारली, "सदा, जेवायला चल." आबा नियमाप्रमाणे समोर बघत बसून राहिले. आता दुसरी हाक येईल, मग उठू. पण दुसरी हाक काही आली नाही. समोरून बुंदी गेली, वांग्याची भाजी गेली, मठ्ठा गेला आणि शेवटी पंगत उठली. आबाही उठले, आणि आम्हा सगळ्यांना गाडीत कोंबून उपाशीपोटी सांगवीला घेऊन आले. "येका हाकंवर उठाय मी काय कुत्रं हाय का?" एवढंच ते म्हणाले. अर्थात एकदाच.

तेव्हापासून ना तिकडून कुणी आलं, ना इकडून कुणी गेलं. भाऊबीजेला मात्र आबा स्वच्छ धोतर नेसून दिवस मावळेपर्यंत ओसरीवर बसायचे. काय करताय म्हटलं तर "वारं खातोय." त्या बसण्याकडं मला बघवत नसे.

आता माझं काम सांगते, म्हणजे मी काय घोळ घातला ते कळेल. लेक शिकायला बाहेर गेली, बारामतीतल्या घरात मी आणि नवरा दोघंच उरलो, आणि मला रिकामपण खायला उठलं. मग पुण्याच्या एका संशोधनवाल्या कंपनीत मी अर्ज केला. काम असं, की व्हिडिओ कॉलवरून लोकांच्या घरात शिरायचं, ते कसे राहतात ते बघायचं आणि त्यांना बोलतं करायचं. पूर्वी म्हणे यासाठी माणसं जीप घेऊन गावोगाव जायची. आता घरबसल्या कुणाच्याही स्वयंपाकघरात डोकावता येतं. आमच्या शेजारच्या काकू हेच काम बिनपगारी करतात.

विषय होता फ्रीज. लोक फ्रीजमध्ये काय ठेवतात, का ठेवतात, आणि ठेवून विसरतात ते काय. शर्वरी मॅडम नावाच्या कडक बाईंनी आम्हाला प्रशिक्षण दिलं. "प्रश्न एकदाच विचारायचा आणि गप्प बसायचं," त्या म्हणाल्या. "शांतता आपण भरायची नाही. ती समोरच्याला भरू द्यायची." हे मला फारच सोपं वाटलं, आमच्या घरात दुसरं काय चालतं? पुढं त्या म्हणाल्या, "आणि मुलाखत ओळखीच्या माणसाची घ्यायची नाही. ओळखीचं निघालं तर मुलाखत रद्द, आणि मग पुढच्या कामाचं मी काही सांगू शकत नाही." माणसं शोधून देणारा गडी वेगळाच होता. आम्हाला फक्त पहिलं नाव मिळायचं. माझी पहिली मुलाखत, म्हणजे माझी परीक्षाच, होती रूपालीताईंची. इंदापूर तालुका, एकत्र कुटुंब, डाळिंबाची बाग, फ्रीज आहे.

(तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही. आत्याची सून मी लग्नात बघितली होती, पण मुंडावळ्यांच्या आड आणि पावडरीच्या थराखाली. लग्नातल्या नवरीचं तोंड लग्नानंतर पुन्हा कधी कुणाला दिसतं का?)

मुलाखतीची वेळ ठरली संध्याकाळच्या स्वयंपाकाची. त्याच आठवड्यात आबांचा मोतीबिंदू काढलेला, म्हणून ते आमच्याकडं मुक्कामाला. डोळ्यांवर डॉक्टरांनी दिलेला भलाथोरला काळा चष्मा, वारं लागू नये म्हणून डोक्याला कानांवरून गुंडाळलेला पांढरा टॉवेल, आणि उजेड सोसत नाही म्हणून खोलीतला सगळ्यात अंधारा कोपरा. सकाळी दूधवाला त्यांना बघून पिशवी दारातच टाकून पळाला होता. नेट त्याच खोलीत येतं, म्हणून मला तिथंच बसणं भाग होतं.

"आबा, चकार शब्द काढायचा नाही," मी बजावलं. "माझी नोकरी आहे."

"मी काय बोलतो का कुनाला?" आबा म्हणाले. यात खोटं काहीच नव्हतं.

मी खिडकीकडं पाठ करून बसले आणि कॉल जोडला. खाली दोन काळे चौकोन आले. एक शर्वरी मॅडमचा, दुसरा हे काम देणाऱ्या फ्रीज कंपनीच्या साहेबांचा. दोघांचे कॅमेरे बंद, आवाज बंद, त्यांनी फक्त बघायचं आणि ऐकायचं. मग मोठा चौकोन उघडला, आणि त्यात नुसता अंधार. डोळे सरावल्यावर त्या अंधारात एक बाई दिसली. ताठ बसलेली, हात मांडीवर, नजर थेट माझ्यावर. तिच्या मागं छताच्या कडीला एक पाळणा टांगलेला होता.

"नमस्कार रूपालीताई. आवाज येतोय का?"

बाई हलली नाही. तिची पापणीही लवली नाही.

शांतता भरायची नाही, मी मनाशी म्हटलं, आणि हसरं तोंड करून गप्प बसले. (माझं तोंड तिकडं दिसतच नव्हतं, हे मला नंतर कळलं. पाठीमागं मावळतीची खिडकी, त्यामुळं त्यांच्या फोनवर मी म्हणजे तांबड्या उजेडात बसलेलं काळंकुट्ट डोकं होते!) मी गप्प, ती गप्प, खालचे दोन चौकोन गप्प. भिंतीवरच्या पालीनंसुद्धा चुकचुकायचं थांबवलं. चित्र अडकलंय, नेटवर्क गेलंय, अशी मी समजूत करून घेतली.

आणि पाळणा हलला.

हळूच. एकदा इकडं, एकदा तिकडं. जवळपास कुणी नाही. चित्र अडकलंय तर पाळणा कसा हलतोय? आणि पाळणा हलतोय तर बाई का हलत नाही?

"अगं बाई," मी स्वतःशीच पुटपुटले, "कसलं हे भुताटकीचं घर शोधलंय या लोकांनी! आणि ही अशी पुतळ्यासारखी का बसलीय? मेलीबिली तर नाही?" मग धीर करून म्हटलं, "रूपालीताई?"

"व्हय, बोला की," पुतळा म्हणाला. "आन् मी जिती हाय."

मी खुर्चीतच आडवी व्हायची राहिले. "मग... मग आधी का बोलला नाहीत?"

"पयल्या हाकंला ओ द्यायची न्हाय, आमच्या आत्याबाईंचा नेम हाय. त्यात तिन्हीसांज. त्यात तुमचं त्वांड बी दिसंना."

आत्याबाई म्हणजे त्यांच्या सासूबाई. आमच्यासारखं दुसरं घर आहे हे ऐकून मला बरं वाटलं. सांगवीची ही थोर परंपरा इंदापूरच्या बाजूला कशी काय पोचली असेल, हा प्रश्न मला पडायला हवा होता. तो पडला नाही.

"दिवे का नाही लावलेत?" मी विचारलं.

"द्येवाम्होरं दिवा लागल्याबिगार लाईट लावत न्हाय आमी. आन् तुमच्या फोनपायी दिवा ऱ्हायला."

मग नियमाप्रमाणे सुरुवातीची माहिती द्यायची होती. ती मी आरशासमोर पाठ केली होती, अगदी मायेनं बोलायची म्हणून. "रूपालीताई, आपल्यासोबत आणखी दोघं आहेत. ते दिसणार नाहीत. बोलणारही नाहीत. फक्त ऐकतील आणि बघतील."

रूपालीनं मागं वळून बघितलं. "कुठं हायती?"

"इथंच आहेत. तुम्ही ते नाहीतच असं समजा."

"न्हाईत, पर हायती?"

"हो."

"आन् त्यास्नी काय पायजे?"

"काही नको. त्यांना फक्त तुमचं रोजचं जगणं बघायचंय."

आरशासमोर हे वाक्य फार गोड वाटलं होतं. रूपालीनं पदर डोक्यावरून घट्ट ओढला. तेवढ्यात तिच्या मागच्या अंधारातून एक म्हातारा, बायकी आवाज आला. "त्यास्नी म्हनावं, दिवा लागल्याबिगार आमच्या घरात कुनाला आत घेत न्हाईत."

बोलणारी दिसत नव्हती. पाळणा मात्र हलत होता. आणि इकडं माझ्या पाठीमागं, कोपऱ्यात, आबांची खुर्ची करकरली. फाटक्या स्पीकरमधून मला न ओळखू आलेला आवाज त्यांना पहिल्या शब्दालाच कळला होता. त्यांनी तोंड दाबून धरलं असणार, पण दाबलेलं तोंड घशाला ऐकत नाही. आबा खोकले.

आबांचा खोकला सांगवीत गल्लीभर ओळखीचा आहे. आधी दोन कोरडे ठसके, आणि मग सुरू होता होता बंद पडलेल्या पंपासारखा एक लांब हुंकार.

पाळणा थांबला.

"रूपे," अंधार म्हणाला, "ह्यो खोकला कुनाचा?"

"त्या दोघांतल्या येकाचा असंल, आत्याबाई."

"त्या न्हाय दिसत त्यांतला?"

"व्हय."

माझ्या स्क्रीनच्या कडेला शर्वरी मॅडमचा लिखित प्रश्न उगवला, 'हा खोकला कोणाचा?' मी लिहून टाकलं, 'नेटवर्क.'

आता मुलाखत भराभर उरकावी म्हणून मी म्हटलं, "रूपालीताई, चला, फोन घेऊन स्वयंपाकघरात जाऊ. मला तुमचा फ्रीज दाखवा." रूपाली उठली. फोन तिच्या हातात झुलायला लागला. शेणानं सारवल्यासारखी काळी दिसणारी फरशी, मग छत, मग कुणाचं तरी पाऊल, मग पुन्हा अंधार. रूपालीचीच ती पावलं असावीत असं मी धरून चालले. मग लक्षात आलं की पावलांचे आवाज एकाचे नाहीत, दोघांचे आहेत. रूपाली थांबली की दुसरेही थांबत होते.

"हितं हाय फ्रीज," ती कुजबुजली.

"उघडा."

दार उघडलं. आतला पांढरा-निळा उजेड बाहेर पडला, आणि त्या उजेडात, दाराला अगदी चिकटून, एक चेहरा उभा होता. खालून उजळलेला, कपाळावर हिरवं गोंदण, डोळे विस्फारलेले.

"आई गं!" मी किंचाळले.

ती आई नव्हती. आत्या होती. माझी सख्खी, दहा-अकरा वर्षांत न बघितलेली आत्या! आतापर्यंत ती मागच्या खोलीत बसून पायाच्या अंगठ्याला दोरी बांधून नातवाचा पाळणा हलवत होती, आणि आता त्या न दिसणाऱ्या दोघांचा सोक्षमोक्ष लावायला सुनेच्या मागोमाग आली होती. ओळख दाखवली तर मुलाखत रद्द, आणि मॅडम तर खालच्या काळ्या चौकोनात बसलेल्याच. मी अक्कल चालवली. आवाज जाड करून, घशातून म्हटलं, "नमस्कार, आजी."

"ही बाई येकायेकी बाप्यावानी का बोलाय लागली?" आत्यानं सुनेला विचारलं.

रूपालीनं नुसता फोन पुढं केला. आत्यानं तिच्या हातून फोन घेतला आणि नाकाशी धरला. "ए बाई. खरं सांग. त्या न्हाय दिसत त्या दोघांत माझा भाऊ हाय का?"

अशा वेळी काय विचारायचं ते प्रशिक्षणात शिकवलेलं असतं. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "तुम्हाला तसं का वाटतं?"

"का वाटतं म्हंजी? त्याचा खोकला हाय म्हनून वाटतं!" आत्याचा आवाज फाटला. "कवा ग्येला गं त्यो? मला कुनी कळवलं बी न्हाय. मातीला बी बोलावलं न्हाय."

मी गप्प. तुम्हाला वाटेल मी शांतता पाळत होते. नाही, माझी जीभच टाळ्याला चिकटली होती.

"माझ्या पोराच्या लगनात त्याला जेवाय हाक मारली. येकदा. दुसरी मारायला वळले तर विहीणबाई म्हनाल्या, कळशी कुठं हाय? कळशी हुडकून देऊन येस्तवर पंगत उठली, खुर्ची मोकळी. तवापास्नं ती दुसरी हाक हितं अडकून बसलीया." तिनं गळ्यावर हात ठेवला. "मी जावं तर त्यो ओ देनार न्हाय. त्यानं यावं तर त्यो हाक मारनार न्हाय. ऱ्हायलं तसंच. भाऊबीजंला ताट करून झाकून ठेवते मी, आन् दुसऱ्या दिशी गाईला घालते."

इकडं ओसरी आणि तिकडं झाकलेलं ताट. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. नोकरी गेली खड्ड्यात, आता सांगूनच टाकावं म्हणून मी तोंड उघडलं, तेवढ्यात माझ्या मागून, कोपऱ्यातून आवाज आला.

"आक्के."

तिकडं फोन गोठल्यासारखा झाला. आत्यानं ओठ गच्च मिटले. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण तोंड उघडलं नाही. रूपाली तिच्या दंडाला धरून "बोलू नगा, आत्याबाई, बोलू नगा," एवढंच म्हणत होती.

आबांनी जरा वाट बघितली. मग खुर्ची मागं सरकवली. "बघितलंस? ओ देत न्हाय. बंद कर ते."

"आबा, पुन्हा हाक मारा!"

"मी येकदाच बोलतो."

"अहो, तिला तुम्ही मेलात असं वाटतंय! जिवंत माणूस दोनदा हाक मारतो, हा नियम कुणाचा? तुमचाच ना?"

"मेलो?" आबा चपापले. "मला वाटलं, मातीचं ती रागानं म्हनली." आणि स्वतः शहानिशा करायला ते थेट लॅपटॉपवर येऊन वाकले.

तिकडं काय दिसलं असेल त्याचा विचार करा. तांबड्या उजेडातलं ते काळं डोकं, आणि त्याच्या खांद्यावरून वर येणारं दुसरं, कानापर्यंत पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेलं, डोळ्यांच्या जागी दोन मोठ्या काळ्या खोबण्या आणि त्यांत चमकणारा निळा उजेड! रूपालीनं अशी आरोळी ठोकली की पाळण्यातलं पोर जागं झालं. आत्याच्या हातून फोन सुटला, भाजीच्या ट्रेमध्ये पडला, आणि रूपालीनं लाथेसरशी फ्रीजचं दार लावून टाकलं.

स्क्रीन काळी झाली. बाहेरून, फार लांबून, तिचा आवाज आला. "कोंडलं! आत्याबाई, कोंडलं म्या त्याला!"

"काय झालं?" आबांनी विचारलं.

"तुम्हाला फ्रीजमध्ये कोंडलंय," मी म्हटलं.

दाराचं रबर गेलेलं असावं, कारण बाहेरचं सगळं बारीक ऐकू येत होतं. पोर रडत होतं. रूपाली देवाचं नाव घेत होती. आणि या सगळ्याच्या खाली एक म्हातारी बाई हुंदके देत होती, लहान पोरीसारखी, नाक ओढत. आबांनी काळा चष्मा काढला. डॉक्टरांनी मनाई केली होती, पण मी अडवलं नाही. एवढा हट्टी माणूस मी इतक्या जवळून कधी हरताना बघितला नव्हता, आणि तो हरावा म्हणून मी त्या क्षणी सगळ्या देवांना हात जोडत होते.

आबा त्या काळ्या स्क्रीनकडं वाकले. "आक्के," ते म्हणाले. आणि मग, घसा खाकरून, "ए आक्के. मी सदा हाय."

मेथीच्या जुडीखालून ती हाक त्या घरात कशी ऐकू गेली असेल, देव जाणे. बाहेरचे हुंदके थांबले. पोरसुद्धा थांबलं. मग दाराच्या पलीकडून, अगदी जवळून, आवाज आला.

"ओ."

दार उघडलं. उजेड आला, उजेडात मिरच्या, दह्याचं भांडं, आणि त्यांच्यावर वाकलेली आत्या. "सदा? जित्ता हायस व्हय रं?"

"दोनदा हाक मारली की."

"मग ह्या गारठ्यात काय करतुयास?" मग तिनं निरखून बघितलं. "डोळ्याला काय झालं?"

"मोतीबिंदू काढला."

"आन् मला सांगितलं न्हाईस." तिनं मधलं दह्याचं भांडं बाजूला सारलं. मग म्हणाली, "जेवायला ये."

आबा समोर बघत बसले. तिकडं पोरानं पुन्हा भोकाड पसरलं, दारात कुणी तरी रूपालीला हाक मारली, चुलीवरचं दूध उतू गेल्याचा वास तर मला इकडं बारामतीत आला. आत्या हलली नाही. या वेळी कुणाची कळशी द्यायला ती वळली नाही.

"सदा," ती म्हणाली, "जेवायला ये की रं."

"येतो," आबा म्हणाले.

आत्या डोळे पुसत गेली आणि तिनं देवापुढं दिवा लावला. मग भराभर घरभर लाईट लागले, आणि ते भुताटकीचं घर एक साधं, निळा रंग दिलेलं, कपडे वाळत घातलेलं घर निघालं. मी पदरात तोंड खुपसून रडले. नाक पुसताना लक्षात आलं की खाली दोन काळे चौकोन अजून तसेच आहेत. त्यातला एक बोलायला लागला तशी मी पुन्हा दचकले.

"वैशालीताई," शर्वरी मॅडम म्हणाल्या, "ते तुमचं नेटवर्क जरा पुढं येऊन बसेल का? नीट दिसत नाहीये."

मुलाखत अर्थातच रद्द झाली. साहेबांना म्हणे फ्रीजचा आतून बघितलेला भाग फार आवडला. "पुढच्या कामाचं फोन करून कळवू," एवढं सांगून मॅडमनी निरोप घेतला. आबा त्याच आठवड्यात इंदापूरला गेले, जेवले, आणि तिकडंच राहिले. आत्या प्रत्येक पोळीला दोनदा आग्रह करते, ते दुसऱ्याला हो म्हणतात, दोघांचंही झकास चाललंय.

माझंही चाललं असतं. परवा तिन्हीसांजेला मॅडमचा फोन आला होता. मी फोनकडं बघत बसले. वाजायचा थांबला. दुसऱ्यांदा वाजला की उचलायचा म्हणून मी दोन दिवस तो समोर ठेवून बसलेय.

नवरा वैतागून म्हणाला, "अगं, मग तू लाव ना त्यांना उलटा फोन!"

"लावला होता की," मी म्हटलं. "एकदा."